उखळात राहिलेली मूठ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. घरातले सगळे सांगतातच, मग मी कशाला लाजू? भाजीवाल्याने तराजू उचलला की माझी नजर काट्यावर. फोनवर कुणी 'मॅडम, मॅडम' करत गोड बोलायला लागलं की मी फोन कानापासून चार बोटं लांब धरते. लग्न होऊन पनवेलजवळच्या सुकापूरला आले तेव्हा मी अशी नव्हते. हा गुण मला सासूबाईंनी लावला, आणि तोही डंखावर बसवून.

डंख म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. खाली लोखंडी उखळ, वर जड मुसळं, पट्टा सुरू केला की ती धाडधाड आपटत राहतात. चैत्र-वैशाखात आमच्याकडच्या बायका गच्चीवर मिरच्या वाळवतात, धणे, खसखस, दगडफूल भाजतात आणि वर्षाचा मसाला कुटायला डंखावर नंबर लावतात. आम्हा आगऱ्यांच्या घरात प्रत्येकीचा मसाला वेगळा, आणि आपला तो बाब्या या न्यायाने प्रत्येकीला आपलाच खरा वाटतो. पिशवी ठेवून घरी गेलेली बाई मी डंखावर कधी पाहिली नाही. डंखवाल्याने मूठभर मागे ठेवली तर? आपल्या बेडगीत कुणाची हलकी मिरची शिरली तर? म्हणून ती पदर नाकाला लावून, शिंका देत, डोळ्यांतून पाणी गाळत तिथेच बसते. आधीच्या बाईचा मसाला उखळाच्या तळाशी थोडा राहतोच. तो आपल्यात येऊ नये म्हणून उखळ झाडून घ्यायचं. काहीजणी तर आधी मूठभर तांदूळ कुटून उखळ धुतल्यासारखं स्वच्छ करून घेतात. यावरून झालेली भांडणं पुढच्या वर्षीच्या मसाल्यापर्यंत टिकतात.

गेल्या दिवाळीच्या आधी सासूबाई गेल्या. मागे त्यांच्या हातच्या मसाल्याची एक बरणी राहिली. होळी झाली तशी मी पहिल्यांदाच एकटीने मसाला केला. इतकी वर्षं त्यांच्या बाजूला बसून मीच मिरच्यांची डेखं, म्हणजे देठ, मोडली होती, मीच खडा मसाला भाजला होता. काय किती पडतं हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. नंबरही नेहमीचाच लावला. उखळ डोळ्यांत तेल घालून झाडून घेतलं, वर मूठभर तांदूळही कुटायला लावले, आणि घरी येऊन त्याच दिवशी सुक्या बोंबलाचं कालवण केलं. सासऱ्यांनी भाकरीचा पहिला घास बुडवला, चावला, गिळला आणि ताट हळूच पुढे सरकवलं.

"ह्यो आपला नाय," एवढंच बोलले.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. शेतीचा माणूस, आता शेताच्या जागी इमारत उभी आहे आणि ते तिच्या सावलीत खाट टाकून बसतात. जेवणाला नावं ठेवायची त्यांची पद्धत नाही. खारट झालं तर पाणी पितील, पण बोलणार नाहीत. त्यांनी ताट सरकवलं तेव्हा मला राग आला नाही, काळजीच लागली. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालं होतं, फिरणं थांबलं होतं, उरलं होतं ते फक्त जेवण. जुन्या बरणीतला मसाला मी चिमटीने काढून फक्त त्यांच्या वाटीत घालायला लागले. तो घातला त्या दिवशी ते जेवायचे. एरवी दोन घास दहीभात. सदरा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही, जेवायला घाला. मोठा शोध लावला. बरणीचा तळ दिसायला लागला होता आणि मला सरळ सरळ भीती वाटत होती की बरणी संपली की हा माणूसही संपेल.

माझी लेक लग्नानंतर रोडपालीला राहते. ती एका रविवारी आली आणि तिने फोनवर एक कंपनी दाखवली. 'तुमचा मसाला, तुम्हीच घडवा.' तिखटपणा, रंग, वास, सगळ्याला एकेक पट्टी, ती बोटाने मागे-पुढे सरकवायची. आपल्याकडच्या मसाल्याचा नमुना पाठवला तर ते तपासून तसाच बनवून देणार, चव जुळली नाही तर आपण सांगायचं, ते पुन्हा बनवणार. पाकिटावर आपलं आडनाव छापून. लेक खूश होती. मी चष्मा लावून वाचायला घेतलं.

प्रश्नच प्रश्न. गाव कोणतं, मासे जास्त की मटण, घरात खाणारी माणसं किती, वय किती, मसाला कोण करायचं, तुमच्या आठवणीत त्याचा वास कसा आहे. अगं बाई, मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा इतकं विचारत नाहीत. मी लेकीला म्हटलं, चव आम्ही सांगायची, चूक आम्ही दाखवायची, नाव आम्ही सुचवायचं, वर त्यांना तारेही आम्हीच द्यायचे. मग कंपनी करते काय? आयत्या बिळावर नागोबा. उद्या हाच मसाला दुसऱ्या रंगाच्या पाकिटात घालून नवीन पनवेलच्या दुकानात विकतील, नि कुणाचं तरी उखळ पांढरं होईल. लेक म्हणाली, याला सहनिर्मिती म्हणतात, यात ग्राहक नुसता ग्राहक राहत नाही, भागीदार होतो. मी म्हटलं, भागीदार म्हणून कुणी खांद्यावर हात टाकला की आपण आधी आपला बटवा चाचपावा. ती चिडली. म्हणाली, आई, आजोबांसाठी तरी एकदा विश्वास ठेव.

बाबांचं नाव काढल्यावर मी उठले. बरणीतला चमचाभर मसाला पुडीत बांधून दिला. चमचाभरसुद्धा जिवावर आला होता. पण यादी सांगताना मी नागकेशर मुद्दाम गाळलं. बघू तर खरं, यांना काही कळतं का नुसतीच जाहिरात आहे. आठवड्याने कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड, काकू काकू करणारा. म्हणाली, काकू, तुमच्या नमुन्यात नागकेशर आहे, यादीत राहिलं वाटतं. मी म्हटलं, हो हो, विसरले बाई. फोन ठेवला आणि मी बरणीचं झाकण घट्ट लावलं. एका चमच्यात यांनी आमचं आख्खं घर वाचलं होतं.

पहिलं पाकीट आलं. वर मासळीचं चित्र, आमचं आडनाव आणि खाली 'फक्त तुमच्या घरासाठी'. रंग अगदी आमचा. बाबांनी घास घेतला आणि नाय म्हणून मान हलवली. फोनने विचारलं, अनुभव कसा वाटला? मी दोन तारे दिले आणि लिहिलं की तिखट आहे, पण जीव नाही. दुसरं पाकीट आलं, तिखट कमी, वास जास्त. बाबांनी तेही ठेवून दिलं. मी पुन्हा लिहिलं. माझं मलाच हसू आलं. सासूबाईंनी एवढी वर्षं माझ्या कालवणाला नावं ठेवली तेव्हा मी मनात कुढत बसले, आणि आता एका न पाहिलेल्या कंपनीची सासू होऊन बसले होते.

मग त्या मुलीचा पुन्हा फोन आला. म्हणाली, काकू, तुमचा नमुना आम्ही परत तपासला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात भाजलेल्या गव्हाचे कण दिसतात. थोडेच आहेत, पण आहेत. तुम्ही गहू सांगितला नव्हता.

माझं डोकंच फिरलं. आमच्या घराच्या मसाल्यात गहू? म्हणजे सासूबाई भेसळ करायच्या म्हणता काय? तिला बोलू न देता मी चार शब्द सुनावले आणि फोन आपटला. लोकांच्या चुलीपर्यंत यायचं नि वर त्यांनाच खोटं पाडायचं, ही बरी भागीदारी. दुपारभर मी भांडी आपटत होते. पण गहू काही डोक्यातून जाईना, कारण आमच्या ओळखीत मसाल्यात भाजलेला गहू घालणारं एकच घर होतं, आणि ते आमच्या घराला खेटूनच आहे.

ते काकींचं घर. काकी म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको, सासूबाईंची धाकटी जाऊ. माहेर उरणकडचं, तिथे मसाल्याला दाटपणा यावा म्हणून मूठभर गहू भाजून घालतात. मी लग्न होऊन येण्याच्या थोडं आधी दोन्ही भावांत जमिनीवरून फाटलं. इथे जमिनीला भाव आले आणि भावांचे भाव गेले, ते घरोघरी झालं, आमच्याकडेही झालं. बाबांनी घरात सांगून ठेवलं, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. धाकटा भाऊ वारला तेव्हा बाबा स्मशानात लांब उभे राहिले आणि तसेच परत आले. मी सून म्हणून आले ते हे सगळं गिळूनच. काकींशी माझा एक शब्दही झालेला नव्हता.

आणि आमच्या घरात काकींच्या गव्हाला सर्वांत जास्त नावं कोण ठेवायचं? सासूबाईच. गहू घालून वजन वाढवते, मसाला करते का लापशी, असं काय काय. चोराच्या मनात चांदणं असतं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

आता मला एकेक गोष्ट आठवायला लागली. डंखावर सासूबाई दरवर्षी काकींच्या मागचाच नंबर लावायच्या. काकी कधी येणार याचा अंदाज घेत त्या मिरच्या दोन-दोन दिवस जास्त वाळवत ठेवायच्या. मला वाटायचं, काकींवर डोळा ठेवायला. काकींचं कुटून झालं की डंखवाला कुंचा घेऊन उखळ झाडायला यायचा आणि सासूबाई त्याला हटकायच्या, झाडत नको बसू, उशीर होतोय. मूठभर मसाल्यावरून जगाशी भांडणारी बाई, मला मागे बघ पुढे बघ शिकवणारी बाई, आणि उखळ मात्र झाडू द्यायची नाही. इतकी वर्षं मी शेजारी बसून बघितलं आणि माझ्या संशयी डोक्यात एकदाही शंका आली नाही. यंदा होळीनंतर सासूबाईंची जागा म्हणून काकींच्या मागचाच नंबर मी लावला होता, आणि उखळ मीच झाडायला लावलं होतं. वर तांदूळसुद्धा कुटून घेतले होते.

तरी मी लगेच काकींकडे गेले नाही. मान कोण खाली घालतो? आधी घरीच गहू भाजला, बारीक करून मसाल्यात मिसळला. कंपनीनेही गहू घालून तिसरं पाकीट पाठवलं. ते आधीच्यांपेक्षा पुष्कळ जवळ गेलं, हे मान्य केलं पाहिजे. बाबांनी अर्धी भाकरी खाल्ली, मग बोट वाटीत तसंच ठेवून विचार करत बसले. त्यांना म्हणे काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, काय ते सांगता येईना. बरोबरच होतं. काकींची मूठ म्हणजे काही नुसता गहू नव्हता, त्यांच्या मिरच्या होत्या, त्यांचं भाजणं होतं, ते पट्टी सरकवून कुठून येणार? त्याच दिवशी मी जुन्या बरणीत बोट फिरवलं तर बोटाला फक्त रंग लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबा झोपलेले बघून, मी मागच्या दाराने काकींकडे गेले. जाताना मनात शंभर शंका. हसतील, हाकलतील, गावभर सांगतील की मोठ्या घरची सून पदर पसरून आली. काकी ओट्यावर मिरच्यांची डेखं मोडत होत्या, लेकीला पाठवायच्या दुसऱ्या मसाल्याची तयारी चालली होती. त्या बस म्हणाल्या नाहीत, पण सूप थोडं बाजूला ओढलं. मी बसले आणि डेखं मोडायला लागले. सुपातल्या मिरच्या निम्म्या झाल्या. मग मी म्हटलं, आईंच्या मसाल्यात तुमचा गहू निघाला.

काकींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग हळूहळू सांगू लागल्या. घर एकत्र होतं तेव्हा दोघी जावांचा मसाला एकच असायचा, दोन्ही माहेरांचा मिळून. वेगळं झाल्यावर सासूबाईंनी पहिल्या वर्षी आपला आपण कुटला, तर काकींना खेटलेल्या भिंतीतून ऐकू आलं, बाबांनी ताट सरकवलं. अगदी असंच. गहू उघडपणे घालावा तर नवऱ्याला कळणार, आणि त्या घरचं काही नको हा हुकूम. पुढच्या वर्षी सासूबाई डंखावर काकींच्या मागे येऊन बसल्या.

"मी उखलात दोन मुठी तशाच ठेवल्या," काकी म्हणाल्या. "तिनं झाडू दिलं नाय. मंग दर वर्सी ठेवायची."

मी विचारलं, मग तुम्ही दोघी बोलत होतात तर.

"कवाच नाय. बोलायचं नाय असं ठरलेलं ना. मसाल्याचं कुनी ठरवलं नवतं."

माझ्या हातातली मिरची तशीच राहिली. डोळ्यांना धार लागली आणि मिरचीवर ढकलायची सोय होती, म्हणून मी ढकलली. मग काकीच पुढे म्हणाल्या की यंदा होळीनंतरही त्यांनी मूठ ठेवली होती. मी ती झाडायला लावली, वर तांदूळ कुटले, ते त्यांनी बसून बघितलं.

मला रागच आला. मी म्हटलं, अहो काकी, तिथेच का नाही सांगितलंत?

"तू बोलतेस माज्याशी?" त्या म्हणाल्या.

मी डेखं संपेपर्यंत बसले. उठताना एवढंच ठरलं की वैशाखातला दुसरा मसाला दोघींनी एकाच दिवशी न्यायचा.

डंखावर त्या दिवशी गर्दी होती. काकींचं कुटून झालं. त्यांनी मसाला पातेल्यात काढला, पण तळातला काढला नाही. डंखवाला कुंचा घेऊन आला. मी म्हटलं, झाडू नका. भोवतीच्या बायकांनी माना वळवल्या, एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. उद्या गावात याचं काय काय होईल ते मला बसल्याजागी ऐकू येत होतं. होऊ दे. माझ्या मिरच्या काकींच्या मुठीवर पडल्या आणि मुसळं सुरू झाली. काकींचं काम खरं तर संपलं होतं, तरी त्या हलेनात. माझं झाल्यावर बघते तर त्यांनी पाठीमागून अजून एक पिशवी पुढे केली. थोड्याशा मिरच्या मुद्दाम राखून ठेवल्या होत्या.

"आता तुजी मूठ ठेव," त्या म्हणाल्या. "तुजं भाजनं तिच्याच हातचं. मला कवा मिलालं नाय."

इतकी वर्षं त्या पुढे बसल्या होत्या. त्यांच्याकडून मूठ आमच्याकडे यायची, आमच्याकडची त्यांच्याकडे कधीच गेली नव्हती. मी दोन मुठी ठेवायच्या त्या तीन ठेवल्या.

त्याच संध्याकाळी कंपनीचा निरोप आला. तुमचा मसाला जवळपास तयार आहे, त्याला नाव द्या, आणि तुमची परवानगी असेल तर तो आमच्या संग्रहात इतरांनाही चाखायला ठेवू. बघा, मी म्हणत नव्हते? जवळपास तयार म्हणे. मी नाही असं कळवलं आणि लेकीकडून ते सगळं फोनमधून काढून घेतलं. त्या मुलीवर ओरडले होते त्याचं मात्र वाईट वाटलं. गहू तिनेच शोधून दिला होता, हे नाकारून कसं चालेल? पण आमच्या चमचाभर मसाल्याचं त्यांनी पुढे काय केलं असेल, हा विचार मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही. दुकानात मासळीचं चित्र असलेलं पाकीट दिसलं की मी ते उचलून मागची बारीक अक्षरं वाचते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोंबलाचं कालवण केलं, तांदळाची भाकरी केली आणि बाबांना वाढलं. ते पहिला घास घेत होते तेव्हा मी दारातच उभी होते. त्यांनी चावला, गिळला, आणि दुसरा तोडला. मग तिसरा. एक भाकरी संपली, दुसरी घेतली. सासूबाई गेल्यापासून त्यांनी इतकं कधी खाल्लं नव्हतं. मला हायसं वाटलं, इतकं की गप्प बसायची अक्कल राहिली नाही. शिवाय चोरून खाऊ घालतेय असं वाटत होतं. सासूबाईंना ते जमलं, मला जमेना. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे.

"बाबा, ह्यात काकींच्या मसाल्याची मूठ आहे," मी म्हटलं.

त्यांचा हात ताटात थांबला. आता ताट भिंतीवर जाणार म्हणून मी तयारच होते. त्यांनी शांतपणे बोटं चाटली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुज्या सासूनं कवा सांगितलं नाय," ते म्हणाले. "तू कशाला सांगतेस?"

आणि कालवण वाढायला वाटी पुढे केली.